छोट्या मासेमारी बंदरातला गाळ उपसा: ३४,००० घनमीटरचं अंदाजपत्रक बरोबर आहे का?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या खाडीच्या मुखाजवळच्या बंदरात गाळ उपशाचं अंदाजपत्रक तयार झालंय. धक्क्यासमोरचा भाग २०० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद आहे. सध्या चार्ट डेटमखाली (म्हणजे अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीखाली) अर्धा मीटर पाणी मिळतं, ते २ मीटर करायचंय. अंदाजपत्रकात ३४,००० घनमीटर गाळ धरलाय. दर ४५० रुपये, म्हणजे १ कोटी ५३ लाख. वर १८ टक्के जीएसटी, एकूण १ कोटी ८० लाखांच्या पुढे. बंदरात १२० बोटी आहेत. ओहोटीला निम्म्या बोटी चिखलात बसतात, त्यामुळे काम व्हायलाच हवं. पण लांबी गुणिले रुंदी गुणिले दीड मीटर केलं तर २४,००० च येतात. वरचे १०,००० कुठून आले? आणि एवढा सरकारी पैसा घातल्यावर खोली टिकणार किती वर्षं? सोसायटीच्या बैठकीत हे विचारायचंय, जाणकारांनी नीट सांगावं.

जलमापन
२४,००० हा तुमचा आकडा बरोबर आहे, पण तो निव्वळ चौकोनाचा. खोदणारं मशीन तळ टेबलासारखा सपाट करत नाही, म्हणून जादा खोदाईची सूट देतात. ती ०.३ मीटर धरली असेल तर १६,००० चौरस मीटरवर ४,८०० घनमीटर होतात. मऊ चिखल उभा राहत नाही, त्याला किमान १ ला ५ (एक मीटर खोलीला पाच मीटर आडवं) असा उतार द्यावा लागतो. दीड मीटर खोलीला कडेच्या प्रत्येक मीटरमागे साधारण साडेपाच घनमीटर पडतात. धक्क्याची बाजू सोडून उरलेल्या ३६० मीटर कडेला ते सुमारे २,००० होतात. बेरीज ३०,८०० झाली. उरलेले ३,२०० बहुतेक 'कामादरम्यान येणारा गाळ' या नावाखाली असतील. त्याचा हिशेब लेखी मागा.

जादा खोदाईची सूट ही कमाल मर्यादा असते. ती प्रत्यक्ष खोदली तरच पैसे, आणि ०.३ च्या खाली गेलेल्या खोदाईला शून्य, असं निविदेत स्पष्ट हवं. नाहीतर मऊ जागी खोल जाऊन घनमीटर भरून काढले जातात आणि धक्क्याजवळच्या कठीण जागी उथळ तसंच राहतं.

आता खरी मेख. मोजणी बार्जच्या (गाळ वाहणाऱ्या सपाट तळाच्या होडीच्या) फेऱ्यांवर नको. शंभर घनमीटरच्या बार्जमध्ये गाळाबरोबर भरपूर पाणी असतं, आणि तेही गाळाच्या दराने मोजलं जातं. मोजणी आधीच्या आणि नंतरच्या जलमापन सर्वेक्षणातल्या फरकावरच हवी. त्यातही इको साउंडरची (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणाऱ्या यंत्राची) वारंवारता बघा. २०० किलोहर्ट्झला तरंगत्या पातळ चिखलाचा वरचा थर दिसतो. ३३ किलोहर्ट्झ तो थर भेदून खालच्या घट्ट थरापर्यंत जातं. दोन्हींत ३० सेंटिमीटरचा फरक पडला, तरी तुमच्या क्षेत्रावर ४,८०० घनमीटर होतात. आधीचं सर्वेक्षण २०० वर आणि नंतरचं ३३ वर झालं, तर बादली न बुडवता २१ लाख ६० हजारांचं बिल निघतं. दोन्ही वेळा तेच यंत्र, तीच वारंवारता, त्याच रेषा आणि भरती-ओहोटीची पट्टी वाचणारा माणूस धक्क्यावर हजर, एवढं लिहून घ्या. सोसायटीने आपला एक जण ओळंबा घेऊन पाठवावा. दहा ठिकाणी शिसं सोडून पाहिलं तरी ढोबळ पडताळा मिळतो.

पोंटून_पोकलेन
दर योग्य की अयोग्य, हे मशीन कोणतं आणि गाळ कुठे टाकणार यावर ठरतं. अंदाजपत्रकात ते दिलंय का?

छोट्या बंदरात बहुधा पोंटूनवर (तरंगत्या फलाटावर) लांब हाताचा पोकलेन लावतात. बादली साधारण अर्ध्या घनमीटरची. एका फेरीला ४० सेकंद धरली आणि बादली ८० टक्के भरली, तर कागदावर तासाला ३६ घनमीटर होतात. बार्ज बदलणं, पोंटून सरकवणं, बोटींना वाट देणं हे धरलं की २५ उरतात. दिवसाला आठ तास म्हणजे २००. ३०,००० घनमीटरला १५० कामाचे दिवस लागतील. एका मशीनवर दोन महिन्यांत काम उरकतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दुसरं मशीन मागा.

कटर सक्शन, म्हणजे तळ कातून गाळ पाण्यासह नळीने ओढणारं मशीन, जलद चालतं. पण एक घनमीटर गाळामागे चार-पाच पट गढूळ पाणी नळीतून येतं. ते निवळायला किनाऱ्यावर मोठं तळं लागतं आणि आपल्याकडे तेवढी जागा नसते. शिवाय मासेमारी बंदराच्या तळाला नायलॉनचे दोर, जाळ्यांचे तुकडे, टायर, चप्पल सगळं असतं. कटरभोवती दोर गुंडाळला की शिडी (कटर धरणारा हात) वर घेऊन कोयत्याने कापत बसावं लागतं, आणि तो वेळ 'मशीन बंद' म्हणून दाव्यात येतो. म्हणून धक्क्यालगतचा वरचा थर आधी पोकलेननेच काढून घ्यावा.

धक्क्याच्या पायाशी मात्र हात आखडता घ्या. पाया किती खोल आहे हे नकाशावर पाहिल्याशिवाय भिंतीला लागून खोदलं तर माती निसटते आणि फरशी खचते. दोन-तीन मीटरची पट्टी सोडणं योग्य.

खाडीकाठ
मशीनचा उल्लेखच नाही. 'योग्य साधनसामग्रीने' एवढंच लिहिलंय. गाळ टाकायची जागा 'सक्षम अधिकाऱ्याच्या निर्देशानुसार'. आणि कार्यादेश मार्चमध्ये निघेल असं कळतं.

गाळाचा_हिशेब
मार्च हीच सगळ्यात मोठी चूक ठरेल. ३१ मार्चच्या आत निधी खर्ची पडावा म्हणून कामं तेव्हा सुटतात, प्रत्यक्ष खोदाई एप्रिल-मेमध्ये होते आणि जूनमध्ये नदीचा लोंढा येतो. कोकणात गाळ मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. उपसलेली खोली हंगामाला मिळायच्या आतच भरायला लागते. सर्वेक्षण सप्टेंबरअखेर आणि खोदाई ऑक्टोबरच्या मध्यापासून असं ठेवा. म्हणजे बोटींना संपूर्ण हंगाम खोली वापरायला मिळते. त्या काळात बोटींची वर्दळ असते हे खरं, म्हणून बंदराचे तीन भाग पाडून एकेक भाग रिकामा करून द्यावा. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी नसतात म्हणून तेव्हा खोदा, असं काही जण सुचवतील. पण पावसाळ्यात गाळ टाकायला बार्ज समुद्रात जाऊ शकत नाही.

किती टिकेल याचा ढोबळ हिशेब करून दाखवतो. दीड मीटर भरती धरली तर तुमच्या बंदरात प्रत्येक भरतीला २४,००० घनमीटर पाणी शिरतं. पावसाळ्यात लिटरला अर्धा ग्रॅम गाळ धरला तर १२ टन आत येतो. निम्मा बसला तरी ६ टन. जून ते सप्टेंबर सुमारे २३५ भरत्या, म्हणजे १,४१० टन. ताज्या मऊ चिखलाच्या घनमीटरमध्ये कोरडी माती साधारण ०.४५ टन असते. तेव्हा वर्षाला ३,१०० घनमीटर, म्हणजे सगळ्या तळावर २० सेंटिमीटर. लिटरमागचा गाळ दुप्पट निघाला तर आकडाही दुप्पट होईल. म्हणून पावसाळ्यात उधाणाला (मोठ्या भरतीला) आणि भांगाला (लहान भरतीला) दोन्ही वेळा पाण्याचे नमुने घेऊन तपासा. हा खर्च किरकोळ आहे आणि सगळं गणित त्यावर उभं आहे.

'जलमापन' यांनी सांगितलेले उरलेले ३,२०० हेच असणार, एका पावसाळ्याचा गाळ. ऑक्टोबरला काम सुरू करून मेच्या आत संपवलं तर ती रक्कम गाळायला हवी. जीएसटीसह जवळजवळ १७ लाख वाचतात.

पैसा कोणी घालायचा? वर्षाला ३,१०० घनमीटर या दराने, करासह, सुमारे साडेसोळा लाख होतात. १२० बोटींवर वाटले तर बोटीमागे १३,७०० रुपये. हा भार बोटमालकांवर टाकू नये असं माझं ठाम मत आहे. बंदराची खोली रस्त्यासारखी सार्वजनिक सोय आहे आणि डोंगर तासून आलेला गाळ बोटवाल्यांनी आणलेला नाही. पण आठ वर्षांनी एकदा दीड कोटी मागण्यापेक्षा दर तीन वर्षांनी ९,००० च्या आसपास घनमीटरची देखभाल मंजूर करून घ्या. मशीन आणण्या-नेण्याचा खर्च दर वेळी पडतो, म्हणून शेजारच्या खाडीतल्या बंदराबरोबर एकत्र निविदा काढली तर तो विभागला जातो.

जलमापन
गाळ टाकायच्या जागेबद्दल राहिलं. सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) मंजुरी आणि गाळाची रासायनिक तपासणी कार्यादेशाच्या आधी हातात हवी. नाहीतर मशीन धक्क्याला लागून उभं राहतं आणि बसल्या भाड्याचा दावा येतो. कांदळवनात किंवा मिठागराच्या कडेला टाकू देऊ नका. पहिल्या पावसात तो गाळ खाडीत परत येतो. वाळू निघाली आणि ती विकायची ठरली, तर महसूल खात्याच्या स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) प्रश्न येतो. कठीण मुरूम किंवा दगड लागला तर वेगळा दर कोणता, हेही आधीच ठरवा आणि त्यासाठी चार-पाच बोअर घ्या.

बैठकीच्या आधी माहितीच्या अधिकारात तीन कागद मागा: आधीच्या सर्वेक्षणाचा नकाशा वारंवारतेच्या नोंदीसह, दरविश्लेषण, आणि मागच्या उपशाची मोजमाप पुस्तिका. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून अर्ज याच आठवड्यात टाका.