एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते
अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोअर (एकाच जागी दाब पडून होणारी जखम) होऊ नये म्हणून एअर बेड, म्हणजे हवेची गादी, आणल्यावरही रात्री त्याची कूस बदलायला उठायची गरज आहे का, असं एकानं विचारलंय. आहे हो. आमचे वडील ऐन मे महिन्यात सोलापुरात दवाखान्यात पडून होते. गादी रात्रभर फुसफुसायची, तरी माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग आलाच. बोटानं दाबून सोडला तरी पांढरा पडेना, म्हणजे बेडसोअरची सुरुवातच. सिस्टरनं आधी गादीवरची दुहेरी सोलापुरी चादर आणि रेक्झिन काढायला लावलं. एवढ्या जाड घड्यांवर गादीचा काय उपयोग, त्यात घाम! मग दर दोन तासांनी कूस, पाठीला उशी देऊन थोडंसंच कलतं. पोटरीखाली उशी, टाचा अधांतरी. लाल जागा चोळू मात्र नका. आमची आत्या खोबरेल तेलाची बाटली घेऊन बसलीच होती!