समुद्री गरुडांच्या घरट्यांची वार्षिक पाहणी: बाल्ड ईगलच्या गणनेतून आपण काय घ्यावे?

प्रश्न (मुलुंड, मुंबई)

नमस्कार. आम्ही मुंबईतील काही पक्षीनिरीक्षक अलिबाग ते श्रीवर्धन या किनाऱ्यावर समुद्री गरुडाची, म्हणजेच कोकणात ज्याला काकण म्हणतात त्या पांढऱ्या पोटाच्या गरुडाची, घरटी पाहत आलो आहोत. आजवर हे हौसेपुरतेच होते. कोणाला घरटे दिसले की छायाचित्र गटात यायचे आणि विषय तिथेच संपायचा. येत्या विणीच्या हंगामापासून ही पाहणी शिस्तीने व्हावी आणि या पट्ट्यातले गरुड वाढत आहेत की घटत आहेत हे काही वर्षांनी खात्रीने सांगता यावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

या गरुडाचा जवळचा नातेवाईक म्हणजे अमेरिकेतला बाल्ड ईगल, म्हणून त्याच्या गणनेविषयी वाचले. अलास्का वगळून उरलेल्या अमेरिकेत १९६३ मध्ये त्याच्या ४१७ वीणजोड्या नोंदल्या गेल्या होत्या. २००७ मध्ये तो संकटग्रस्त यादीतून बाहेर आला तेव्हा अंदाज ९,७८९ जोड्यांचा होता, आणि २०२१ च्या अहवालात तो ७१,४६७ वर गेला. अवघ्या काही वर्षांत सातपट झालेली ही वाढ खरोखर पक्ष्यांची आहे की मोजण्याची रीत बदलल्याचा हा परिणाम आहे? त्यांच्या पद्धतीतले काय आमच्यासारख्या, सुट्टीच्या दिवशीच बाहेर पडू शकणाऱ्या मंडळींना जमण्यासारखे आहे? आणि मोजून झाल्यावर पुढे करायचे काय?

उत्तर (दादर, मुंबई)

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पक्षी निश्चित वाढले. पण २००७ चा आकडा म्हणजे निरनिराळ्या राज्यांनी निरनिराळ्या वर्षी केलेल्या नोंदींची बेरीज होती, आणि तिच्यात प्रामुख्याने माहीत असलेली घरटीच आली होती. यादीतून वगळल्यानंतर वीस वर्षे दर पाच वर्षांनी पाहणी करण्याची योजना आखली गेली, तेव्हा हा दोष दूर करण्यासाठी दोन बाजूंनी मोजणी ठरली: एकीकडे ज्ञात घरट्यांच्या यादीतून निवडलेली घरटी विमानातून तपासायची, आणि दुसरीकडे नकाशावरचे काही चौकोन यदृच्छेने निवडून तिथे कोणतीही पूर्वमाहिती न गृहीत धरता संपूर्ण शोध घ्यायचा. त्या चौकोनांत सापडलेल्या घरट्यांपैकी किती आधीच्या यादीत नव्हती, यावरून यादीबाहेर किती घरटी असावीत हे काढता येते. २०१८ आणि २०१९ च्या हवाई पाहणीला ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरील हजारो सामान्य निरीक्षकांच्या नोंदींची जोड दिली गेली आणि त्यातून २०२१ चा अंदाज आला.

आपल्या गटाकडे आज जी यादी आहे तिच्यातही हाच दोष असणार. ज्या गावात आपला मुक्काम असतो आणि जिथून झाड रस्त्यावरून दिसते, तिथलीच घरटी तिच्यात आली असतील. अशी यादी दरवर्षी तपासत राहिले तर जुनी झाडे पडत जातात, नवी घरटी यादीत येत नाहीत, आणि संख्या घटत असल्याचा आभास होतो. उलट एखाद्या वर्षी उत्साही माणसे जास्त आली तर संख्या वाढल्यासारखी दिसते. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की किनाऱ्याचे साधारण पाच-पाच किलोमीटरचे तुकडे पाडावेत, चिठ्ठ्या टाकून त्यांतले काही निवडावेत, आणि निवडलेला तुकडा कितीही गैरसोयीचा असला तरी तो पूर्ण पायाखाली घालावा. तिथे काहीच सापडले नाही तर तशी नोंद करावी. ती रिकामी नोंद मला दहा सुंदर छायाचित्रांपेक्षा मोलाची वाटते.

दुसरे असे की घरटी मोजू नयेत, जोडीचे क्षेत्र, म्हणजे एक जोडी आपल्या ताब्यात ठेवते तो परिसर, मोजावे. एकाच जोडीची दोन-तीन घरटी असू शकतात आणि त्यांतले एकच त्या वर्षी वापरात असते. हंगामात किमान दोन फेऱ्या हव्यात. पावसाळा सरल्यावर जोडी घरट्यावर बसू लागली की पहिली. त्यात क्षेत्र ताब्यात आहे की नाही एवढेच पाहायचे. दुसरी पिल्ले जवळजवळ पूर्ण वाढल्यावर, पण उडण्याआधी. बाल्ड ईगलच्या बाबतीत पिल्लू आठ आठवड्यांच्या आसपास पोहोचले की ते उडाले असे धरून चालतात, कारण त्यानंतर ते दगावण्याचे प्रमाण कमी असते. उडालेल्या पिल्लांच्या संख्येला ताब्यातील सर्व क्षेत्रांनी भागायचे, केवळ यशस्वी घरट्यांनी नव्हे. पहिली फेरी चुकली तर लवकर फसलेली घरटी हिशेबात येतच नाहीत आणि उत्तर फसवे चांगले येते. बाल्ड ईगलची संख्या टिकून राहायला दर क्षेत्रामागे साधारण ०.७ पिल्लू लागते असे मानले जाते. आपल्या गरुडाला तोच आकडा लावू नये, पण मोजायची रीत तीच ठेवावी.

उत्तर (मुरूड तालुका, रायगड)

वरील विवेचन मोलाचे आहे, परंतु इथल्या परिस्थितीविषयी थोडे सांगावेसे वाटते. अमेरिकेत घरट्याभोवती ३३० आणि ६६० फुटांची, म्हणजे सुमारे १०० आणि २०० मीटरची अंतरे सुचवलेली आहेत. आमच्याकडे घरटे असते ते कोणाच्या तरी वाडीतल्या जुन्या आंब्यावर किंवा किनाऱ्यावरच्या सुरूवर, आणि शंभर मीटरच्या आत घर, विहीर, पायवाट असे सगळेच असते. रोजच्या वावराला हे पक्षी सरावलेले असतात. त्यांना बिथरवतो तो झाडाखाली येऊन वर टक लावून उभा राहणारा अनोळखी माणूस, आणि हल्ली ड्रोन. म्हणून दुरून, दुर्बिणीतून पाहावे आणि ड्रोन अजिबात वापरू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी नासणे किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही शिकारीच्याच व्याख्येत येते, हे गटातल्या प्रत्येकाला माहीत असावे. वन विभागाला आधी कळवून ठेवावे.

खरे संरक्षण वाडीच्या मालकाच्या हातात आहे. झाडाखाली माशांचे काटे आणि समुद्रसापांचे तुकडे पडतात, वास येतो, आणि झाड म्हातारे झाले की ते लाकडासाठी विकण्याचा विचार घरात सुरू होतोच. त्या घरी दरवर्षी जाऊन बसावे, आदल्या वर्षी पिल्लू उडाले की नाही हे त्यांना सांगावे, आणि नोंदवहीत त्यांनी पाहिलेले त्यांच्या संमतीने लिहावे. वेळासला कासवांची अंडी गावाने राखली, ती गावाला त्या कामात सामील करून घेतले म्हणून.

उत्तर (ठाणे)

व्यवस्थापनाविषयी थोडक्यात. बाल्ड ईगल सावरला याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटी या कीटकनाशकावर घातलेली बंदी. माशांमधून ते विष शरीरात साठत गेल्याने अंड्यांचे कवच इतके पातळ होत असे की उबवतानाच ते फुटे. मारण्यावर बंदी घालणारा कायदा तर १९४० सालीच झाला होता, तरी पक्षी घटतच राहिले. आपल्याकडे गिधाडांच्या बाबतीत जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने हेच दाखवले. २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. आजही बाल्ड ईगलच्या हाडांत शिसे सापडते. ते शिकाऱ्यांनी मागे टाकलेल्या आतड्यांतल्या गोळ्यांच्या कणांतून येते. तेव्हा घरट्याखाली न उबलेले अंडे किंवा मेलेले पिल्लू दिसले तर ते स्वतः न उचलता वन विभागाला ताबडतोब कळवावे आणि तपासणीचा आग्रह धरावा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद (मुलुंड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तुकडे पाडून चिठ्ठ्या टाकण्याचे आम्ही ठरवले आहे. एक शंका उरते: सलग दोन-तीन हंगाम पिल्ले कमी उडाली तर आम्ही हस्तक्षेप करावा का? कृत्रिम मचाण किंवा मासे पुरवणे असे पर्याय गटात सुचवले जात आहेत.

उत्तर (दादर, मुंबई)

इतक्यात करू नये. पिल्ले कमी होणे हे दर वेळी ऱ्हासाचे लक्षण नसते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागराभोवती बाल्ड ईगल दाटीने राहू लागले तेव्हा क्षेत्रासाठी झुंजी वाढल्या, बिनजोडीचे पक्षी घरट्यांवर येऊ लागले आणि दर जोडीमागे पिल्ले घटली. तरी एकूण संख्या भक्कमच होती. म्हणून पिल्लांच्या आकड्याबरोबर ताब्यातील क्षेत्रांचा आकडा वाचावा. क्षेत्रे भरलेली असून पिल्ले कमी असतील तर धीर धरावा. क्षेत्रेच ओस पडू लागली तर मात्र झाड तुटले, मासे कमी झाले की विषबाधा झाली, याचा शोध त्याच हंगामात घ्यावा.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या कॅटालिना बेटावर समुद्रतळाशी साठलेले डीडीटी काढता येत नव्हते, म्हणून तिथे घरट्यांतली अंडी नेऊन कृत्रिम रीतीने उबवावी लागली आणि पिल्ले पुन्हा त्याच घरट्यांत ठेवावी लागली. हे काम तज्ज्ञांनी वर्षानुवर्षे केले. त्याच द्वीपसमूहातल्या सांताक्रूझ बेटावर २००६ मध्ये अंडे पन्नासहून अधिक वर्षांनी पहिल्यांदा नैसर्गिकरीत्या उबले. कारण माहीत असताना आणि दुसरा उपाय नसतानाच एवढा हस्तक्षेप केला गेला. आपल्याला कारण ठाऊक नसताना मासे टाकले तर घारी आणि कावळे तेवढे जमतील. मचाणाचा विचार जोडी जागेवर आहे पण तिचे झाड गेले आहे अशाच ठिकाणी, वाडीमालक आणि वन विभाग यांच्या संमतीने करावा. आणि घरट्यांची नेमकी ठिकाणे कोणत्याही समाजमाध्यमावर टाकू नयेत. तालुक्याचे नाव पुरे, बाकीचे नोंदवहीत राहू द्यावे.