तोफखाना सर्व्हेतून पेन्शनला: भूकरमापक, रस्त्यांची कामं की ड्रोन?

बेअरिंग_पिकेट:
राम राम मंडळी. तोफखान्यात सर्व्हेअर ट्रेड, हवालदार, 17 वर्षं सर्व्हिस, पेन्शनला 14 महिने बाकी. शिक्षण बारावी, गणित घेऊन. टोटल स्टेशन (कोन-अंतर मोजायचं यंत्र), जीएनएसएस स्टॅटिक (एका जागी थांबून उपग्रहांवरून काढलेलं स्थान), ट्रॅव्हर्स (बिंदूमागून बिंदू जोडत केलेली मोजणी), फिक्सेशन (ठिकाणाची नेमकी जागा ठरवणं) हे सगळं रोजचं. ऑटोकॅड जेमतेम, ड्रोन उडवलेला नाही. गाव सातारा जिल्ह्यात, शक्यतो महाराष्ट्रातच राहायचंय. तीन वाटा दिसतात: भूमि अभिलेखची भूकरमापक भरती, हायवे-रेल्वेच्या सर्व्हे एजन्सी, किंवा ड्रोन. 15 वर्षं झाल्यामुळे पदवी समकक्ष धरतात, म्हणजे भरतीला अडचण नसावी असं वाटतं. या 14 महिन्यांत नेमकं काय करून ठेवावं?

निमताना_मोजणी:
आधी तो समकक्षतेचा घोळ मिटवा. 15 वर्षांच्या सेवेवरची पदवी समकक्षता चालते ती जिथे नुसतं "कोणत्याही शाखेचा पदवीधर" मागितलंय अशा बिगर-तांत्रिक जागांना. भूकरमापक तांत्रिक पद आहे. त्याला स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका, नाहीतर दहावीनंतरचा आयटीआयचा दोन वर्षांचा सर्वेक्षक ट्रेड लागतो. शिवाय टंकलेखनाची प्रमाणपत्रं: मराठी 30, इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट. दरवेळी माजी सैनिकांचे अर्ज कागदपत्र तपासणीत अडकतात ते या दोन कागदांवर. परीक्षेतले गुण तेव्हा कामाला येत नाहीत.

म्हणून पहिलं काम आजच: रेकॉर्ड ऑफिसकडून तुमच्या ट्रेडचं नागरी समकक्ष काय लिहून मिळतं ते पाहा आणि डिस्चार्ज बुकात ते नीट उतरलंय ना हे खात्री करून घ्या. तोफखान्याचं रेकॉर्ड नाशिक रोड कॅम्पला आहे, सर्व्हिसमध्ये असताना युनिटमार्फत दुरुस्ती होते. घरी आल्यावर तीच दुरुस्ती म्हणजे हेलपाटे. समकक्षतेचं पत्र असलं तरी जाहिरातीत "किंवा समकक्ष" हे शब्द आहेत का ते वाचा. नसतील तर ते पत्र कितीही शिक्क्यांचं असो, उपयोग नाही. त्यासाठी सर्वेक्षक ट्रेडच्या परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसायची सोय जवळच्या शासकीय आयटीआयत विचारून ठेवा. टायपिंग मात्र सुट्टीत उरकून टाका.

जमेच्या बाजूला: राज्यात गट क मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आणि वयात सेवेचा कालावधी अधिक 3 वर्षं सूट. वेतनश्रेणी 19,900 ते 63,200.

आता कामाबद्दल. रोव्हर (हातात घेऊन फिरायचा जीएनएसएस रिसीव्हर) तुम्हाला कुणी शिकवायला नको. पण मोजणीत हद्द कोऑर्डिनेटवर ठरत नाही, अभिलेखावर ठरते. जुनं टिपण (मूळ मोजणीची आकृती आणि मापं) शंकू साखळीत लिहिलेलं असतं: 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट. एक आणा म्हणजे जवळपास 63 सेंमी. तुमचा रोव्हर 2 सेंमीचा हिशेब देतो आणि ज्या कागदावर हद्द बसवायची तो आण्यांत बोलतो. फौजेतून आलेला माणूस इथे पहिल्यांदा चुकतो. बांधाचे चार पॉइंट घेतो, क्षेत्र काढतो आणि सातबाऱ्याशी जुळलं नाही की गोंधळतो. खरी पद्धत अशी की आधी जुन्या खुणा शोधायच्या: दगड, तिवडे (तीन हद्दी मिळतात तिथल्या खुणा), लगतच्या गटांचे न हललेले कोपरे. मग वहिवाट मोजायची, ती टिपणाच्या किंवा गट नकाशाच्या आकृतीवर बसवायची आणि फरक कुठे पडतो ते दाखवायचं. त्यावरून क प्रत, म्हणजे मोजणीचा अंतिम नकाशा. लगतधारकांना नोटीस पोचली नसेल तर मोजणी कितीही अचूक असली तरी टिकत नाही. पटलं नाही तर समोरचा निमतान्याला (फेरमोजणीच्या अपिलाला) जातो आणि तुमचं काम वरचा अधिकारी पुन्हा तपासतो.

टीबीएम_250:
वरचं सगळं खरं, पण भरती निघेपर्यंत घर चालायला हवं. रस्ते-रेल्वेच्या कामात तुमच्यासारखा माणूस पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. तरी चार सवयी मोडाव्या लागतील.

पहिली मिलची, म्हणजे फौजेतल्या कोनाच्या मापाची. 6400 मिलचं वर्तुळ विसरा. एक मिल म्हणजे 3 मिनिटं 22.5 सेकंद, किलोमीटरवर 98 सेंमी. इथे हिशेब सेकंदात, आणि एक सेकंद किलोमीटरवर 5 मिमीच्या आत. तोफेला जे चालतं ते पुलाच्या पिअरला चालत नाही.

दुसरी ग्रिडची. फौजेत सगळं ग्रिडवर. इथे डिझाइन बहुतेक वेळा यूटीएममध्ये (पृथ्वीचे झोन पाडून सपाट नकाशावर मांडलेली ग्रिड) येतं आणि काम जमिनीवर होतं. पुण्याचं उदाहरण घ्या. झोन 43, मध्य रेखांश 75, तिथे स्केल फॅक्टर (जमिनीवरच्या अंतराला गुणून ग्रिडवरचं अंतर देणारा आकडा) 0.9996. पुणे त्याच्या पश्चिमेला सव्वा अंशाच्या आत, म्हणून फॅक्टर साधारण 0.99978. म्हणजे किलोमीटरला 22 सेंमी कमी. त्यात उंचीचे आणखी 8 सेंमी धरा. टोटल स्टेशनने 1000.00 मीटर मोजलं तर ग्रिडवर 999.70. रस्त्याच्या मातीकामात हे खपून जातं, 3 किमीच्या बोगद्यात 90 सेंमी होतात. मोठ्या एजन्सी म्हणून लोकल ग्राउंड ग्रिड करतात. मुलाखतीत "ग्रिड टू ग्राउंड कसं कराल?" हे हमखास विचारतात आणि बरेच डिप्लोमावाले तिथेच गारद होतात. तुम्हाला कन्व्हर्जन्स (ग्रिडची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन) आणि स्केल फॅक्टर आधीच माहीत असतात, फक्त ते नागरी भाषेत सांगता यायला हवं.

झोनचंही भान ठेवा. 78 पूर्वेला झोन बदलतो. अमरावती 43 मध्ये, वर्धा-नागपूर 44 मध्ये. विदर्भातल्या लांब कामात अर्धी फाइल एका झोनमध्ये आणि अर्धी दुसऱ्यात असली की अलाइनमेंट भलतीकडे उडालेली दिसते. लोक मग रोव्हरला दोष देतात.

तिसरं, जुन्या टोपोशीटवरून काढलेले एव्हरेस्टचे (जुन्या भारतीय डेटमचे) कोऑर्डिनेट डब्ल्यूजीएस 84 (जीपीएसचं डेटम) मध्ये तसेच घातले की आपल्याकडे शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. फाइल हातात आली की पहिला प्रश्न डेटमचा, म्हणजे कोऑर्डिनेट कुठल्या पायावर मोजलेत याचा.

चौथं, उंची. जीपीएसची उंची एलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली, समुद्रसपाटीवरून नव्हे. मुंबईत समुद्रसपाटीला उभं राहिलात तर ती उणे 60 च्याही खाली दाखवते. ती कच्ची उंची ड्रॉइंगमध्ये गेली की नाल्याचं पाणी उलटं वाहायला लागतं, कागदावर. हायवेच्या डीपीआरमध्ये (सविस्तर प्रकल्प अहवालात) साधारण दर 5 किमीला जीपीएस खांबांची जोडी आणि दर 250 मीटरला टीबीएम (उंची ठरवलेली तात्पुरती खूण) मागतात. टीबीएमच्या उंच्या ऑटो लेव्हलनेच, जाऊन-येऊन लेव्हलिंग करून आणायच्या. क्लोजर, म्हणजे परत आल्यावर चालणारा फरक, 12 गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ, मिमीमध्ये. 4 किमीच्या लाइनला 24 मिमी. बाहेर गेलं तर लाइन परत. आकडे वाटून बसवायचे नाहीत. तोफखान्यात लेव्हलिंग फारसं होत नाही, म्हणून यावरच महिनाभर हात बसवा.

सॉफ्टवेअर: ऑटोकॅड नीट, मग सिव्हिल 3डीमध्ये सरफेस, कॉन्टूर, क्रॉस सेक्शन. क्यूजीआयएस फुकट आहे, बरॅकमध्ये बसून शिकता येतं.

ग्रीन_झोन:
ड्रोनबद्दल थोडक्यात, कारण या बाजारात फुगवून सांगणारे फार. ड्रोन नियम 2021 नुसार रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं; वय 18 ते 65, दहावी पास, मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतला काही दिवसांचा कोर्स. पुनर्वसन महासंचालनालयाच्या कोर्समध्ये ड्रोनचेही असतात आणि जेसीओ व इतर रँकला त्यांची फी भरावी लागत नाही. स्वतःच्या खिशातून भरण्याआधी ती यादी बघा आणि नाव युनिटमार्फत लवकर पाठवा.

पण नुसत्या प्रमाणपत्राला भाव नाही. बटण दाबून ड्रोन आपोआप ओळी मारतो. पैसे आहेत ते जमिनीवरच्या कंट्रोलला, आणि तो तर तुमचाच प्रांत. फोटोंचा पुढचा-बाजूचा ओव्हरलॅप 80/70 टक्के ठेवला, चारही कोपऱ्यांत आणि मध्ये जीसीपी (जमिनीवर आधी मोजून ठेवलेल्या खुणा) टाकले आणि वेगळे चेक पॉइंट ठेवले तर काम उभं राहतं. चेक पॉइंट प्रक्रियेत वापरायचे नाहीत, नुसते तपासायला. सगळे पॉइंट जीसीपी म्हणून घातले की रिपोर्टमध्ये चूक 1 सेंमी दिसते आणि प्रत्यक्षात उंची अर्धा मीटर हललेली असते. जीसीपीच्या खुणा चुन्याने मारल्या आणि रात्री पाऊस झाला तर सकाळी काही उरत नाही. ऑइल पेंट किंवा फ्लेक्सची चौकट वापरा.

स्वामित्व योजनेत गावठाणं 5 सेंमी रिझोल्यूशनने टिपली आणि नकाशे 1:500 ला केले. उडवण्यापेक्षा मिळकतींच्या हद्दी आधी चुन्याने आखून घेणं, मग फोटोवरून त्या काढणं, घरोघरी पडताळणं यातच जास्त दिवस जातात. छपराची कड म्हणजे भिंत नव्हे, हे डिजिटायझिंग करणाऱ्याला सारखं सांगावं लागतं.

स्वतःचा ड्रोन लगेच घेऊ नका. परदेशी तयार ड्रोनची आयात फेब्रुवारी 2022 पासून बंद आहे. कुणी स्वस्तात जुना देतो म्हणाला तर टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलची मान्यता) आणि यूआयएन (ड्रोनचा नोंदणी क्रमांक) विचारा. सुरुवातीला भाड्याचा परवडतो.

बेअरिंग_पिकेट:
फार उपयोग झाला सगळ्यांचा. एकच राहिलं: बायोडेटात कामाचे नमुने काय दाखवू? सगळं काम तर गोपनीय.

सॅपर_सुभेदार:
हवालदार साहेब, तिथलं एकही शीट, कोऑर्डिनेट, स्क्रीनशॉट बाहेर येता कामा नये. सेक्टरचं नाव, फॉर्मेशन, उपकरणांची संख्या हेही बायोडेटात नको. शासकीय गुपिते कायदा 1923 पेन्शननंतरही लागू असतो, आणि बिनधास्त दाखवणाऱ्याला कुठली चांगली कंपनी घेतही नाही.

कामाचं वर्णन नागरी शब्दांत करा. "बेअरिंग पिकेट दिले" ऐवजी "जीएनएसएस स्टॅटिकने अझिमुथसह कंट्रोल पॉइंटच्या जोड्या". "फिक्सेशन पार्टी कमांडर" ऐवजी "सहा जणांच्या सर्व्हे टीमचं नेतृत्व, ट्रॅव्हर्स क्लोजर 1:10,000 च्या आत". माणसं आणि क्लोजर तुमचे खरे असतील तेच घाला.

नमुना सुट्टीत गावी तयार करा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स (कायम चालू जीएनएसएस स्थानकं) पोर्टलवर नोंदणी करा. एक भाड्याचा रोव्हर, दोन दिवस. स्वतःच्या शेताभोवती सहा कंट्रोल पॉइंट, त्यातल्या एका जोडीतलं अंतर टोटल स्टेशनने आणि ग्रिडने, दोन्ही आकडे शेजारी. 1 किमीची जाऊन-येऊन लेव्हल लाइन, फील्ड बुकाच्या फोटोसह; फील्ड बुकात खाडाखोड असेल तर ती तशीच राहू द्या, एक रेघ मारून वर दुरुस्ती आणि सही. 50 सेंमी कॉन्टूरचा नकाशा ऑटोकॅडमध्ये. डेटम, झोन, उंचीचा आधार ठळकपणे खाली लिहा. पाच पानांची पीडीएफ झाली की पुरे. खासगी नकाशा आहे, मोजणी नव्हे, हे मात्र पहिल्या पानावर टाका, नाहीतर शेजारचा बांधकरी ती घेऊन तलाठ्याकडे जाईल.