मदत हवी आहे : वाचकांच्या शासनविषयक प्रश्नांना ग्रंथपालाने कुठवर उत्तर द्यावे?

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. वर्तमानपत्रे वाचायला येणारी मंडळी हल्ली सरकारी कामांविषयीही विचारतात. परवा एका आजींनी माहिती अधिकाराच्या अर्जाची पोच पुढे ठेवली. ३० दिवस उलटूनही उत्तर आले नव्हते. मी २००५ च्या अधिनियमातील कलम १९ काढून, पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पुढील ३० दिवसांत करायचे असते, हे समजावले. मात्र अपिलाचा मजकूर लिहून देणे म्हणजे सल्ला देणे वाटल्याने थांबलो. वाचकाला अर्ध्यावर सोडणे मनाला पटत नाही. आपल्या ग्रंथालयात याबाबत लेखी नियम असल्यास कृपया कळवावेत, तसेच राज्य अधिनियमांच्या अद्ययावत मराठी प्रती कुठून मागवता, हेही सांगावे.