राकसकोप ते हिडकल: पाण्याच्या कडेकडेनं सायकल

बेळगावच्या नळाला दोन ठिकाणचं पाणी येतं. राकसकोप तलाव पश्चिमेला, मार्कंडेय नदीवर, शहरापासून पंधरा-सतरा किलोमीटर. हिडकल धरण उत्तरेला, घटप्रभेवर, पन्नासच्या घरात. जुलै लागला की घरोघरी एकच चौकशी असते, राकसकोप किती भरलं? २४७५ फूट, म्हणजे राकसकोपची पूर्ण पातळी, हा आकडा इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. हिडकलची पूर्ण पातळी २१७५ फूट. दोन्ही पाण्यांत बरोब्बर तीनशे फुटांचा फरक, आणि आपलं शहर साधारण अडीच हजार फुटांवर. राकसकोपला जाणं-येणं सारखंच पडतं. हिडकलला मात्र जाताना उतरायचं आणि येताना ते सगळं फेडायचं.

आता या धाग्याचं. या दोन पाण्यांच्या आसपास, खाली गोकाकपर्यंत आणि वर चंदगडच्या अंगाला, सायकलवर कुठं कुठं फिरलात ते लिहा. कुठला रस्ता, कुठला महिना, वारा कुठून, चहा कुठं, कुत्री कुठं. सरासरी स्पीडचे स्क्रीनशॉट नकोत, ते स्ट्राव्हा अॅपवर टाकताच की.

गणेशपूरकर

राकसकोप म्हणजे आमचं अंगणच. गणेशपूर, बेनकनहळ्ळी, बेळगुंदी करत निघायचं. रस्ता अरुंद, पण गाड्या कमी. बेळगुंदीच्या पुढं माती लाल व्हायला लागते आणि हवा बदलते. बेळगावात ऊन असलं तरी तिकडं भुरभुर चालू असते, त्यामुळं रेनकोट बॅगेत ठेवून उपयोग नाही, अंगावरच लागतो.

पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून. जाताना थेट तोंडावर, सपाटीलाही चढ चढल्यासारखं वाटतं. नवीन आलेला माणूस अर्ध्या वाटेत कंटाळतो. त्याला परत फिरू द्यायचं नाही, कारण येताना तोच वारा पाठीवर असतो आणि गणेशपूर कधी आलं कळत नाही. म्हणून नवख्यांना घेऊन जायला राकसकोपच बरं. आधी कष्ट, मग आराम. हिडकलला पावसाळ्यात उलटं आहे, त्यावर कुणीतरी लिहीलच.

एक सावधगिरी. रोपलावणीच्या दिवसांत केजव्हीलचे (चिखलणीच्या लोखंडी चाकांचे) ट्रॅक्टर शेतातून थेट डांबरावर चढतात. मागं चिखलाचे गोळे पडतात. सकाळी ते ओले असतात, वळणावर ब्रेक लावलात की गेलात. पंचवीस मिलिमीटरच्या टायरवर मी तिकडं जात नाही, बत्तीस लावतो. टायरच्या जाडीवर हसणारे मित्र आहेत, हसू देत.

दसऱ्याच्या आगेमागे रताळ्यांची काढणी चालू असते. रस्त्याकडेला पोती लावलेली दिसतात. ओळख काढली तर चार रताळी मिळतात, जर्सीच्या मागच्या खिशात बसतात.

मण्णूरची

बाईमाणसांसाठी म्हणून लिहिते, कारण हे कुणी लिहीत नाही. राकसकोप रस्त्याला पहाटे एकटी जाताना मला माणसांची भीती कधी वाटली नाही. डेअरीला दूध घालायला निघालेली माणसं असतात, "काय गे, कुठवर चाल्लीस?" एवढंच विचारतात. भीती कुत्र्यांची. उपाय एकच, उतरायचं, सायकल मधे धरायची आणि चालत पुढं जायचं. पळवलीत तर ती मागं लागणारच.

दुसरं, वाटेत बायकांसाठी सोय नाही. देवळाच्या आवारात किंवा ओळखीच्या घरी थांबावं लागतं. गटानं जाणाऱ्यांनी निघायच्या आधीच याचा विचार करावा. पुरुष मंडळी "थांबू की कुठंतरी" म्हणतात, त्या 'कुठंतरी'चा आम्हाला काही उपयोग नसतो.

वंटमुरी घाट

नाव बघूनच कळलं असेल मी काय लिहिणार.

हिडकलला जाताना काकतीजवळ मार्कंडेय ओलांडली की थोड्या वेळात वंटमुरीचा उतार लागतो. काय मजा! पावसाळी वारा पाठीला, रस्ता मोठा, पाय न हलवता सायकल धावते. हत्तरगी, यमकनमर्डी करत डॅमला पोचताना प्रत्येकाला आपण फार भारी सायकलिस्ट आहोत असं वाटायला लागतं. मग परतीला तोच वारा तोंडावर, वर ऊन, आणि शेवटी हाच घाट चढायचा. हिडकलचं पाणी बेळगावला पंपानं वर चढवतात. आपल्याला पंप नाही.

माझं मत, हिडकल हिवाळ्यात करावं. डिसेंबर-जानेवारीत वारा पूर्वेकडचा असतो, त्रास कमी. पण तेव्हा उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, वर टेपवर गाणी इतक्या जोरात की आपली घंटा त्याच्या बापाला ऐकू येणार नाही. ट्रॉलीच्या मागं चिकटून वारा चुकवायचा मोह होतो. करू नका. ऊस सुटून पडतो, आणि ट्रॉली कधी डुलेल सांगता येत नाही.

पूर्ण फेरी हवी असेल तर डॅमवरून हुक्केरी, तिथून संकेश्वर, आणि हायवेनं परत. सगळी मिळून सव्वाशे-एकशेतीस होते. हुक्केरीत आदिलशाही काळातले घुमट आहेत, तिथं सावलीत बसून डबा खावा. संकेश्वरहून येताना हायवेच्या पुलावर दोन्ही बाजूंना फुगवटा, म्हणजे धरणामागं पसरलेलं पाणी, दिसतो. खरं सांगायचं तर पूर्ण फेरीत पाणी सगळ्यात चांगलं दिसतं ते तिथंच. बाकी वेळ पाणी शेजारी आहे एवढं ठाऊक असतं, दिसत नाही.

धागाकर्ता

हे शेवटचं वाक्य पटलं. 'तलावाला प्रदक्षिणा' म्हणून निघालेल्यांची निराशा होते. आपल्याकडं पाण्याला लागून रस्ता नाही, गावांना लागून आहे.

जुना हिडकलवाला

मी सायकल हौसेनं चालवत नाही. हायस्कूलला जायला चालवायचो, आता गुडघ्यासाठी डॉक्टरनी सांगितलंय म्हणून चालवतो. वरच्यांना पाणी दिसत नाही म्हणून वाईट वाटलं, त्यावर थोडं.

१९७७ साली धरण पूर्ण झालं. ५१ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी अडलं, त्याच्याखाली गावं गेली. आमचंही गेलं. जुने रस्ते नदीकाठानं होते, तेही त्यातच गेले. नवी गावं उंचावर वसली, नवे रस्ते त्या गावांना जोडत गेले. म्हणून ते पाण्यापासून लांबलांब पळतात. सायकलवाल्यांसाठी कुणी आखले नव्हते.

पाण्याजवळ जायचं असेल तर उन्हाळ्यात या, एप्रिलनंतर. पाणी हटलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ उघडं पडतं. दगडी बांधकाम, इतकी वर्षं पाण्यात बुडून-वर येऊन उभं आहे. लोक बघायला जत्रेसारखे येतात. शेवटचा पट्टा गाळाचा आहे, वरून वाळलेला दिसतो पण आत ओला. सायकल ढकलत न्यायची, आणि कुणी गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) केली असेल तर पिकातनं नाही, बांधानं. एवढं पाळलंत तरी पुष्कळ. आमच्या घरातली जुनी माणसं देवळाच्या पायरीला हात लावून येतात. फोटो काढणाऱ्यांनी त्यांना आधी वाट द्यावी.

आणि हो, रस्ता विचारायला कन्नड येत नाही म्हणून घाबरू नका. "सीदा होगरी" म्हणतील, हात जिकडं दाखवतील तिकडं जायचं. निम्म्यांना मराठी येतं.

कोवाड फाटा

वरचे सगळे हायवेनं निघालेत. हायवे कशाला? उचगाववरून बेकिनकेरे, अतिवाड, होसूरचा घाट, कागणी, कोवाड. घाट लहान आहे, दम काढतो पण मारत नाही. पुढं दड्डीकडं वळलात की हिडकलच्या फुगवट्याची शेपटी हाताला लागते. मोहनगा-दड्डीची भावकेश्वरी देवी इथलीच, यात्रेच्या दिवसांत सायकल घरी ठेवा, रस्ता मिळत नाही. उचगावातही मंगळवार-शुक्रवारी मळेकरणी देवीची गर्दी असते, त्या दिवशी पहाटेच पार व्हा.

तिथून नेसरी लांब नाही. नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह पडले. फेब्रुवारीत त्या बाजूला हवा छान असते, सकाळी गार, दुपारीही अंग भाजत नाही. या एका राईडमध्ये कर्नाटक-महाराष्ट्र-कर्नाटक असं दोन-तीनदा होतं. कुठल्या बाजूचा रस्ता चांगला यावर आमच्या गटात दरवेळी भांडण होतं. यंदा कर्नाटक पुढं आहे, मागच्या पावसानंतर महाराष्ट्र होतं. खड्डे बुजवायचं टेंडर कुणाचं आधी निघतं एवढाच प्रश्न.

मिरज-लोंढा पॅसेंजर

कुणीच नदीच्या मागं गेलं नाही काय? राकसकोपवरून सुटलेली मार्कंडेय काकतीवरून पुढं गोडचिनमलकीला धबधब्यानं पडते आणि गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. हिडकलमध्ये ती जातच नाही, धरणाच्या खाली भेटते. मी सांबरा, सुळेभावी, अंकलगी असा गोकाक फॉल्सला गेलो. साठच्या आसपास पडतं.

लाल माती संपून काळी सुरू होते तो फरक सायकलवर जेवढा कळतो तेवढा गाडीत कळत नाही. पश्चिमेचा चिखल वाहून जातो. पूर्वेचा चिकटतो, ब्रेक आणि फोर्कच्या मधे ठासून बसतो, चाकच फिरेना होतं. पाऊस पडून गेल्यावर तिकडं डांबर सोडून एक फूटही बाजूला जायचं नाही. खिशात एक लाकडी काडी ठेवा, चिखल काढायला. कोरड्या दिवसांत बाभळीचे काटे, म्हणून ट्यूब दोन.

फॉल्स ५२ मीटरचा. ऑगस्टमध्ये पाणी तांबूस असतं आणि आवाजानं बोलणं ऐकू येत नाही. १८८७ मध्येच इथं पाण्यावर वीज केली होती, ते जुनं बांधकाम समोरून दिसतं. झुलता पूल आहे, पण सायकल खालीच लावा. जवळच धुपदाळचं बंधाऱ्याचं पाणी, तिथं पक्षी अभयारण्य. थंडीत कांड्या करकोचे येतात. मला त्यातलं फार कळत नाही, पण थवा उतरताना थांबलो होतो.

परतीचं काय, तर करदंट. गोकाकहून घ्यायचा, एक पुडा घरी आणि एक वाटेत. डिंक, सुका मेवा, गूळ. त्या महागड्या एनर्जी बारपेक्षा जास्त चालतो, फक्त दाताला चिकटतो म्हणून पाणी जास्त ठेवा.

वंटमुरी घाट

करदंट घाटाच्या पायथ्याला खाल्ला तर चालेल काय?

मिरज-लोंढा पॅसेंजर

पायथ्याला नको, तोंडात असताना धाप लागली तर अवघड. आधी हत्तरगीला खा, वर बाय-टू (एकाचे दोन केलेला) चहा घ्या, मग चढा.