नासाचे जुने अहवाल वाचायला का मिळत नाहीत?

सुनीता, सांगली: मी माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या एफ-१ इंजिनावर मराठी लेखमाला लिहितेय. या इंजिनात ज्वलन अचानक अस्थिर व्हायचं. ते आटोक्यात आणायला अभियंत्यांनी चालू इंजिनात मुद्दाम छोटे स्फोट घडवले आणि इंजेक्टरवर, म्हणजे इंधन फवारणाऱ्या तबकडीवर, आडभिंती बसवल्या. त्या चाचण्यांचे मूळ अहवाल हवेत. नासाच्या अहवालसाठ्यात काहींची नोंद दिसते, गोषवाराही दिसतो, पण पीडीएफ नाही. सॅटर्न-५ चं शेवटचं उड्डाण १९७३ सालचं. मग आता अडवण्यासारखं राहिलंय काय?

वसंत, ह्यूस्टन: ताई, २०१३ च्या मार्चमध्ये हा अख्खा साठाच बंद केला होता. नासाच्या लँगली केंद्रात काम केलेला एक चिनी संशोधक मायदेशी निघताना विमानतळावर पकडला गेला. हेरगिरीचा आरोप त्याच्यावर शेवटी ठेवलाच गेला नाही. पण तेवढ्यात अमेरिकी खासदार फ्रँक वुल्फ यांनी मागणी केली, की निर्यात-नियंत्रणाच्या, म्हणजे संवेदनशील तंत्रज्ञान परदेशी जाऊ न देण्याच्या, दृष्टीने तपासणी होईपर्यंत सगळी तांत्रिक कागदपत्रं लोकांपासून बंद ठेवा. मर्क्युरी, जेमिनी, अपोलो या अवकाशमोहिमांचं सगळं एका फटक्यात गेलं. मे महिन्यात साठा परत उघडला, पण असंख्य अहवाल त्यात नव्हते.

मी तेव्हा इथल्या ग्रंथालयात काम करत होतो आणि मला त्याचा मनापासून संताप आला होता. यातले कितीतरी अहवाल सरकारनेच मायक्रोफिशवर (पानांची बारीक छायाचित्रं असलेल्या फिल्मवर) देशभरच्या ग्रंथालयांना वाटले होते. ज्याला वाईट हेतूने हवेत तो तिथे जाऊन वाचेल. अडतो तो सांगलीत बसून लिहिणारा माणूस.

अनिरुद्ध, पुणे: वसंतराव, तुमचा राग समजतो, पण दुसरी बाजूही आहे. रॉकेट आणि क्षेपणास्त्र यांचं तंत्र एकच. इंजिन, दिशा राखणारा जायरोस्कोप, वातावरणात परतताना लागणारं उष्णतारोधक कवच, यातलं काहीही ‘जुनं’ म्हणून निरुपयोगी होत नाही. २०१३ च्या जानेवारीत नासाच्या मार्शल केंद्राच्या तरुण अभियंत्यांनी एफ-१ चा गॅस जनरेटर (इंधनाचे पंप फिरवणारा वायू तयार करणारा भाग) काढून पुन्हा पेटवला, तो शिकण्यासाठीच. रॉकेटचं तंत्र क्षेपणास्त्रांसाठी वापरलं जाईल, ही भीती पुढे करून अमेरिकेने १९९२ मध्ये क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनाच्या) इंजिनाच्या व्यवहारावरून इस्रो आणि रशियाच्या ग्लावकॉसमॉस या संस्थेवर निर्बंध घातले होते.

वसंत, ह्यूस्टन: मान्य. म्हणून तर एकेक कागद तपासा म्हणतो. धोक्याचं पान काळं करा, बाकीचं द्या. अमेरिकेचे कोरोना नावाचे उपग्रह तर खुद्द हेरगिरीचे, पण त्यांची आठ लाखांहून जास्त छायाचित्रं १९९५ च्या आदेशाने खुली झालीच ना?

ताई, आधी नासाचा एसपी-१९४ हा १९७२ चा ग्रंथ घ्या, द्रव इंधनाच्या अस्थिर ज्वलनावरचा. तुमच्या विषयाचा गाभा त्यात आहे. मग इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयातला नासाच्या अहवालांचा संग्रह अहवाल-क्रमांक टाकून शोधा, नुसत्या शीर्षकाने हाती लागत नाही. मार्शलची मूळ कागदपत्रं जॉर्जियात, मॉरो इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

सुनीता, सांगली: आभारी आहे काका. अमेरिकेच्या माहिती अधिकारात भारतातून अर्ज चालतो का?

वसंत, ह्यूस्टन: चालतो, नागरिकत्वाची अट नाही. ‘एफ-१ बद्दल सगळं’ असं मागू नका. एकाच अहवालाचा क्रमांक लिहा आणि पूर्ण देता येत नसेल तर देता येणारा भाग तरी वेगळा काढून द्या, असं स्पष्ट नमूद करा.