निवासी रस्त्यांवर ५०चे ३०: नगरपालिकांची तक्रार मला पटलेली नाही

गल्लीकर (धागाकर्ता)
कालच्या लेखाला दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा वेगळा धागा. लेखकाचं म्हणणं असं: निवासी रस्त्यांवरची डिफॉल्ट (वेगळी पाटी नसेल तिथे आपोआप लागू होणारी) वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटरवरून ३० केली तर स्थानिक प्रशासनावर पाट्यांचा खर्च, अपवाद ठरवण्याचं काम आणि रहिवाशांचा रोष, असं तिहेरी ओझं पडेल. सबब 'जिथे गरज आहे' तेवढ्या रस्त्यांचा निर्णय नगरपालिकांवर सोडावा.

ही गरज कशी ठरते ते मी जवळून पाहिलंय. अर्ज द्या, सह्या गोळा करा, वेगमोजणीची वाट बघा, आणि शेवटी पत्र येतं की 'सदर रस्त्यावर गंभीर अपघाताची नोंद नाही'. म्हणजे आधी कुणाचा तरी पाय मोडायला हवा, मग फाईल हलणार! डिफॉल्ट बदलला की हे उलटं होतं. ३० गृहीत, आणि ज्याला ५० हवेत त्याने कारण द्यायचं. राहिल्या पाट्या. त्या मुख्यतः अपवादाला लागतात, डिफॉल्टला खांबाखांबावर लागत नाहीत.

३०च्या वेगातली गाडी, चालकाला भान यायला एक सेकंद धरला तरी, कोरड्या रस्त्यावर १३-१४ मीटरमध्ये उभी राहते. ५०च्या वेगातली गाडी त्या एका सेकंदातच १४ मीटर पुढे गेलेली असते. पहिली जिथे थांबली, तिथे दुसरीच्या चालकाचा पाय जेमतेम ब्रेकवर येतोय. मध्ये पोर असेल तर ते पूर्ण ५०च्या धडकेत सापडतं.

चौथा गिअर
गणित मान्य. पण कायदा बदलल्याने पाय हलका होत नाही. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या मध्यवर्ती भागात ताशी २० मैलांची (सुमारे ३२ किलोमीटर) मर्यादा लावली, तीन वर्षांनी अभ्यास झाला, तर वेगात आणि अपघातांत फारसा फरक नाही. रस्ता रुंद आणि सरळसोट ठेवायचा आणि आकडा तेवढा बदलायचा, याने काय होणार?

टेबल नंबर सात
मी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात नोकरी केली आहे, म्हणून हा 'रोष' काय असतो ते सांगतो. निर्णय वरचं सरकार घेतं, दंड पोलीस करतात, आणि लोक आमच्या खिडकीवर येऊन ओरडतात. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ला निवासी रस्त्यांवर ताशी ३० मैलांचे २० केले. विरोधातल्या याचिकेवर साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या. पुढच्याच वर्षी सरकारने मार्गदर्शक सूचना बदलून काही रस्ते पुन्हा ३० मैलांवर न्यायची मुभा दिली. ते रस्ते निवडायचं काम कुणाच्या गळ्यात पडलं? स्थानिक कौन्सिलच्याच.

गल्लीकर
वेल्सची अर्धीच गोष्ट का सांगता? पहिल्या वर्षात २० आणि ३० मैलांच्या रस्त्यांवर मृत आणि जखमींची संख्या साधारण पाव हिश्श्याने घटली. सह्या मोजता, तशी ही माणसंही मोजा. आणि बेलफास्टचा तो पट्टा छोटा होता, मध्यवर्ती होता. शहरभर डिफॉल्ट ही वेगळी गोष्ट. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२मध्येच मुख्य रस्ते सोडून सगळीकडे ३० केले आणि अजून ते तसेच आहेत.

मणका चार-पाच
३० म्हटलं की पाठोपाठ गतिरोधक आलेच, त्यावर कुणी बोलत नाही! माझं मणक्याचं ऑपरेशन झालंय. आमच्या रस्त्यावर रबराच्या अरुंद पट्ट्या ठोकल्यात. गाडी रांगत नेली तरी झटका थेट कमरेत बसतो. पावसात दोन बोल्ट निघाले, आता तिथे पट्टी अर्धी आणि खड्डा अर्धा.

चौथा गिअर
अगदी! माझा सायलेन्सर अशाच एका उंचवट्याने गेला. भरपाई मागितली तर म्हणे 'हा आम्ही बांधलेला नाही'.

अंगणातली
तुमचा सायलेन्सर आणि माझी मुलगी एकाच तराजूत घालू नका. दारासमोर उंचवटा झाला तेव्हापासून ती एकटी रस्ता ओलांडते.

मणका चार-पाच
ताई, मुलीला पुढे करून आमचं दुखणं खोटं ठरवू नका. मीही रस्ता ओलांडतो, काठी घेऊन.

रात्रपाळी
मी रुग्णवाहिका चालवतो, आता माझंही ऐका. वेगमर्यादेतून आपत्कालीन वाहनांना बहुतेक ठिकाणी सूट असते. उंचवट्यातून नसते. मोडलेल्या मांडीचा पेशंट मागे असला की प्रत्येक उंचवट्याआधी मी ओरडून सांगतो, 'धरा'. नीट बांधलेला उंचवटा साधारण ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्यावरून गाडी सावकाश चढून उतरते. रबरी पट्टी म्हणजे नुसती ठोकर. रस्त्याच्या मध्यावर सुटे चौकोनी उंचवटे करतात, आमच्या चाकांमधलं अंतर जास्त, म्हणून ते चाकांच्या मधून जातात आणि मोटारीला मात्र अडवतात. ते का होत नाहीत, हे टेबल नंबर सात यांनी सांगावं.

टेबल नंबर सात
कारण नगरसेवकाला उद्याच्या उद्या काहीतरी दिसायला हवं असतं, आणि पट्टी एका दुपारत ठोकून होते. त्या कामांवर माझ्याही सह्या आहेत. पण तुम्ही मागताय त्याला पैसा लागतो, आणि ३०चा हुकूम काढणारे तो देत नाहीत. आमची चिंता हीच आहे. तिला 'मुलांच्या जिवाची पर्वा नाही' असं रूप देऊ नका.

गल्लीकर
मग पैसे मागा ना! हुकूमच नको, असं का म्हणता? निधीशिवाय हुकूम नको म्हणालात तर पहिली सही माझी.

चौथा गिअर
हिशेब करून पाहिला. एक किलोमीटरला ५०ने ७२ सेकंद, ३०ने १२० सेकंद. फरक ४८ सेकंदांचा, आणि आतली गल्ली अर्धा किलोमीटरही नसते. ठीक आहे, गल्लीत ३० घ्या. बसमार्गावर नाही. तिथे प्रत्येक फेरी लांबली की तेवढ्याच बसमध्ये फेऱ्या कमी होतात, आणि त्या बसने जाणाऱ्यांकडे गाडी नसते.

अंगणातली
आमची गल्लीच बसमार्ग आहे. शाळाही तिथेच.

टेबल नंबर सात
बघा, पहिला अपवाद मागून झाला. आता याची यादी कोण करणार?

गल्लीकर
तुम्हीच. शाळेसमोर ५० का हवेत याचं कारण लिहून, खाली सही करून.